सीटबेल्ट लावलेला कुकर

आमच्या बाईंना हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हटलेलं चालायचं नाही. त्या नाव पुकारायच्या, चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, “काय खाल्लंस?” इंग्रजीतून विचारायच्या, कारण वर्गात ओमानी मुलं होती, मल्याळी होती, तेलुगू होती. माझ्या नावाशी आल्या की मराठीतून. उत्तर दिलं की हजेरी लागली. नाही दिलं तर मुलगा समोर बसलेला असला तरी गैरहजर.

सगळे खोटं बोलायचे. ओमानी मुलं म्हणायची, घरचा खुब्ज म्हणजे अरबी रोटी, अंडी, मध. मल्याळी मुली इडली सांगायच्या. मी सांगायचे भाकरी आणि मच्छी. खरं म्हणजे आम्ही सगळे कॉलेजच्या कँटीनमधला चिप्सवाला परोठा खायचो. गरम परोठ्यावर चीज फासायचं, त्यावर बटाट्याच्या चिप्सचा चुरा घालायचा, गुंडाळी करायची आणि वर कडक चहा. सकाळी तेच, दुपारी तेच. बाईंना त्या परोठ्याचा भयंकर राग. त्याला त्या ‘खडखडाट’ म्हणायच्या. “पोटात खडखडाट भरून येतात आणि म्हणे इंजिनिअर होणार,” असं फळा पुसता पुसता पुटपुटायच्या.

पण ‘काही नाही’ असं उत्तर आमच्या वर्गात कधी कुणी दिलं नव्हतं. सकाळी खरंच काही न खाता येणारे होते, मला माहीत होते. पण भर वर्गात, मुलामुलींसमोर, मी उपाशी आहे असं कोण सांगणार? त्यापेक्षा मध-अंडी बरी.

बाई आम्हाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकवायच्या. कुठली वस्तू किती भार सोसते, कुठे वाकते आणि कधी मोडते, याचा विषय. बाकीचे सर लोखंडाच्या सळ्यांची चित्रं दाखवायचे, बाई पिशवीतून खारी, टोस्ट आणि खुब्ज काढायच्या. टोस्ट दोन हातांनी दाबायचा, तो कट्कन मोडला की म्हणायच्या, हा न सांगता मोडतो, याच्यापासून सावध राहा. खुब्ज ओढत न्यायचा, तो ताणत ताणत शेवटी फाटायचा. हा आधी सांगतो, मग फाटतो. मग दोन्ही तुकडे कुणाच्या तरी हातात द्यायच्या. “खा. नमुना वाया घालवायचा नाही.” ते तुकडे नेमके कुणाच्या हातात जातात हे मी बरेच दिवस लक्षात घेतलं नव्हतं. ज्याची भाकरी, ज्याची इडली त्या दिवशी ऐकायला जरा जास्तच झकास वाटली असेल, त्याच्या हातात जायचे.

दिसायला म्हणाल तर सुती साडी आणि पायात वर्कशॉपचे सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपण असलेले. वर्कशॉपमध्ये ते सक्तीचे होते, बाई ते सगळीकडे घालायच्या. लग्नाला, दूतावासाच्या कार्यक्रमाला, बाजारात. कुणी हसलं तर म्हणायच्या, पाय माझे आहेत. मूळच्या त्या गुहागरकडच्या, एकट्या, ओमानात सोहारला येऊन त्यांना किती वर्षं झाली होती ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांना स्वयंपाकातलं एकच यायचं. कुळथाची पिठी आणि भात. कुकरमध्ये खाली भात, वरच्या डब्यात पिठी, आणि तो बंद कुकर तसाच्या तसा गाडीत पुढच्या सीटवर. सीटवर वजन ठेवलं की त्यांची गाडी टीं टीं बोंबलायला लागायची, म्हणून बाईंनी कुकरला सीटबेल्ट लावला. एकदा पोलिसानं गाडी थांबवली, आत वाकून बघितलं, कुकरकडे बघितलं, बाईंकडे बघितलं आणि हात जोडून जायला सांगितलं. हा कुकर दुपारी एकला उघडायचा म्हणजे उघडायचाच. डीनसाहेबांची मीटिंग चालू होती तेव्हासुद्धा. आमचे एक सर तिथे होते, त्यांनी सांगितलेलं. डीन बोलता बोलता थांबले, खोलीभर कुळथाचा वास. बाई म्हणाल्या, “तुम्ही बोला सर. मी तोंडानं जेवते, कान रिकामे आहेत.”

पिठी मात्र खारट. म्हणजे इतकी खारट की समुद्रानं माघार घ्यावी. बाईंना ते कधी कळायचं नाही. त्यांना जगातलं बाकी सगळं अळणी लागायचं.

आता माझं सांगते. मी खाबुऱ्याची, तेही ओमानातलंच किनाऱ्यावरचं गाव. घर मूळ रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं, पण अब्बांनी खाबुऱ्याच्या बाजारात दुकान टाकलं आणि मी तिथेच वाढले. दुकान अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या नावावर, राबणारे अब्बा. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. अब्बांनी भावाभावात भांडून मला सोहारला पाठवलेलं. चाचाचं म्हणणं, बारावी झाली, खलास, आता गावाकडचं एक चांगलं स्थळ आलंय. अब्बा म्हणाले, आधी डिग्री. चाचा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त मुलगी घरात हवी होती, डोळ्यांसमोर, पोटभर जेवलेली.

शेवटचं सेमिस्टर चालू होतं, दोन हजार दहा साल, आणि स्वाइन फ्लूची साथ होती. जगभर होती, तशी आमच्याकडेही आली. मुलींच्या होस्टेलमध्ये एकीला ताप आला. ज्यांना शक्य होतं त्या त्याच दिवशी आपापल्या घरी पळाल्या. उरलेल्या आम्हा थोड्या जणींना सांगितलं, आता आतच राहा, कुणी आत येणार नाही, कुणी बाहेर जाणार नाही. मेसचा स्वयंपाकी स्वतःच तापानं झोपला, मेस बंद. कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमधून पार्सल यायचं, तर तिथला पोऱ्याही आजारी पडला, मग बाहेरचं शिजवलेलं अन्नही बंद. कॉलेजकडून ब्रेड, चीज आणि लबान म्हणजे ताकाचे खोके यायचे, पण ते यायचे तेव्हा यायचे, आणि आले की संध्याकाळपर्यंत संपायचे.

बाकीच्या मुलींच्या कपाटात नूडल्स होते, बिस्किटं होती, घरून आलेले लाडू होते. माझ्या कपाटात एक खजुराचा डबा होता. आणि नेमके त्याच आठवड्यात अब्बा तापानं इस्पितळात गेले, दुकान बंद पडलं, घर चाचा चालवायला लागला.

चाचा रोज फोन करायचा. “मेस बंद आहे म्हणे. खातेस काय तू? मी पिकअप घेऊन येतो, गेटवाल्याशी बोलतो, घरी चल.” मला पक्कं माहीत होतं. एकदा खाबुऱ्याला गेले की मी परत येत नाही. अब्बा अंथरुणात, चाचाचा शब्द शेवटचा, स्थळ तयार. माझी डिग्री माझ्या पोटावर येऊन बसली होती. मी उपाशी आहे एवढं त्याला कळायचा अवकाश, की सगळं संपलं. म्हणून मी सांगायचे, “भरपूर खाते चाचा. आज तर बिर्याणी होती.”

आणि मैत्रिणींना सांगायचे, रोजा आहे.

रमजानात बायकांचे काही रोजे सुटतात, ते पुढे कधीतरी भरून काढायचे असतात. म्हटलं, ते भरून काढतेय. वा, काय सोय झाली. कुणी नूडल्सचा कप पुढे केला नाही, कुणी ‘जेवलीस का’ विचारलं नाही. ओमानी मुली तर माशाल्ला, माशाल्ला करत माझ्यासमोर चिप्सचं पाकीटसुद्धा फोडायच्या नाहीत. मागणं माझ्या जिभेवर येत नाही, आधीपासूनच नाही, आणि त्या रोज्यामुळे मला मागावं लागत नव्हतं. अल्लाशी माझा काय तो हिशेब मी बघून घेईन असं ठरवलं होतं. अजान झाली की दोन खजूर, पाणी, आणि खोक्यातला ब्रेड उरला असला तर ब्रेड.

भूक लागल्यावर माणूस रडवेलं होतं म्हणतात. मी नाही झाले. मला राग यायचा. भिंतीचा, गादीचा, पुस्तकातल्या बीमचा, ज्याच्यावर आडवातिडवा भार टाकून विचारलेलं असायचं की सांगा, हा कुठे मोडेल. मोडणार नाही जा, असं मी समासात लिहून ठेवलं होतं.

वर्ग बंद होते, पण बाईंची हजेरी बंद नव्हती. त्या रोज सकाळी फोनवर हजेरी घ्यायच्या. एकेकाला फोन, एकच प्रश्न, उत्तर मिळालं की फोन बंद.

“काय खाल्लंस?”

“रोजा आहे बाई.”

“कसला गं आत्ता?”

“रमजानात सुटलेले.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशीही तेच. मग पुढेही तेच. एके दिवशी त्या म्हणाल्या, “काय गं, रमजानात तू होतीस तरी का? की महिनाभर झोपली होतीस?”

मी भडकले. म्हटलं, “बाई, धर्माची गोष्ट आहे, त्यावरून चेष्टा नको.”

मग म्हणाल्या, “नाही करत. रोजा कधी सोडतेस? अजानला ना? बरं.” आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी होस्टेलच्या गेटवर टीं टीं ऐकू आलं. बाईंनी सीटबेल्ट काढला होता, कुकर अजून सीटवरच होता, आणि त्या दार उघडं टाकून गेटवरच्या ओमानी म्हाताऱ्याशी भांडत होत्या. मी वरच्या खिडकीतून बघत होते. म्हातारा भला होता, पण नियमाचा पक्का. हात हलवत म्हणत होता, “ममनूअ, उस्ताझा. बाहर का खाना ममनूअ.” ममनूअ म्हणजे मनाई, उस्ताझा म्हणजे बाई. बाईंचं हिंदी असं, की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. “मैं अंदर नहीं आती. वो बाहर नहीं आती. सिर्फ कुकर जाएगा. कुकर को ताप नहीं है.”

“ममनूअ.”

बाईंनी पदर कमरेला खोचला. आभाळाकडे बोट केलं. “अंदर रोजेदार लड़की है. अजान होनेवाली है. तुम बोलो, मैं ये वापस लेके जाऊं?”

म्हाताऱ्याचा हलणारा हात खाली आला. रोजा सोडवायला आणलेलं अन्न दारातून परत पाठवायचं, हे त्याच्या हातून होणं शक्यच नव्हतं. त्यानं आभाळाकडे बघितलं, कुकरकडे बघितलं, डोक्यावरची कुमा टोपी काढून परत घातली. मग स्वतःच पुढे झाला, रुमालानं कुकर उचलला आणि आतल्या पायरीवर आणून ठेवला. माझी भूक लपवायला मी जे पांघरूण घेतलं होतं, त्यानंच ते गेट उघडलं.

ती पिठी मी कशी खाल्ली ते सांगता येणार नाही. खारट होती, तिच्यात आमसूल जास्त पडलं होतं, भात खाली लागला होता. आमच्याकडे पिठी केली की अम्मी बाजूला सुके बोंबील भाजते. मला तो वास आल्यासारखा झाला आणि पहिल्यांदा रडू आलं. बाकीच्या मुली वासानं खाली आल्या होत्या. एक आंध्रची, दोन केरळच्या, एक ओमानी, सूरची. सगळ्या जेवल्या. नूडल्स सगळ्यांचेच संपत आले होते, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी बाई कुकर नव्हे, पातेलं घेऊन आल्या. पातेल्यालाही सीटबेल्ट. गेटवाल्याला म्हणाल्या, “रोजा अकेले नहीं छोड़ते.” त्यानं मान डोलावली. मग रोजचंच झालं. उन्हं उतरली की गाडी यायची, बाई गेटबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि गजांतून प्रश्न विचारायच्या. बेंडिंग मोमेंट काय, शिअर फोर्स काय. उत्तर चुकलं तर म्हणायच्या, “खा आधी. रिकाम्या पोटी लोड देत नाही मी.” हे त्यांचं जुनंच वाक्य होतं, पण पूर्वी ते ऐकून आम्ही हसायचो.

आणि मग एका संध्याकाळी चाचाची पिकअप आली.

न सांगता आला. बाई खुर्चीवर, पातेलं पायरीवर, आम्ही मुली गेटच्या आत, अजान व्हायची होती. चाचानं सलाम केला, मला बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. मी आरशात बघणं सोडून दिलं होतं, त्यानं एका नजरेत सगळं बघितलं. “सामान भर,” म्हणाला. “घरी चल.”

बाई उठल्या. “परीक्षा आहे तिची. आणि रोज्याची आहे ती, अजून सोडायचाय.”

“रोजा?” चाचा माझ्याकडे वळला. “मला तर दुपारी म्हणालीस बिर्याणी खाल्ली.”

मेले, असं मला वाटलं. दोन खोट्या गोष्टी इतके दिवस एकमेकींना न भेटता फिरत होत्या, त्या नेमक्या गेटवर समोरासमोर आल्या. गेटवाल्याला मराठी येत नव्हतं तेवढं बरं. मैत्रिणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बाईंनी एक क्षणही घेतला नाही. म्हणाल्या, “दुपारी बिर्याणी, संध्याकाळी पिठी. मग काळजी कसली? इतकं खाणारी दुसरी मुलगी आमच्या कॉलेजात नाही.”

चाचा हसला नाही. गजांना धरून हळू म्हणाला, “बेटा, खरं सांग. उपाशी आहेस ना? तुझा बाप तिकडे पडलाय. तू इथे अशी झालीस तर मी त्याला काय सांगू?”

मला वाटलं बसावं खाली आणि हो म्हणावं. तो खरंच माझ्यासाठी आला होता. पण मी हो म्हटलं असतं तर त्या पिकअपमध्ये बसले असते, आणि उरलेलं आयुष्य लोकांना सांगत बसले असते की माझं एकच सेमिस्टर राहिलं होतं.

तेवढ्यात अजान झाली. बाईंनी पातेल्याचं झाकण काढलं, ताट वाढलं आणि गेटवाल्याच्या हातून आत दिलं. मला म्हणाल्या, “खा. ते बघतायत.”

आणि मी खाल्लं. उभ्यानं, चाचाच्या डोळ्यांत बघत. परीक्षेला बसावं तसं खाल्लं. ताट संपलं, परत पुढे केलं. दुसरं संपलं. तिसरं वाढताना बाईंचा डाव पातेल्याच्या तळाला लागला, तरी वाढलं. चाचा बघत उभा राहिला, मग फुटपाथच्या कडेला बसला. बाईंनी त्यालाही ताट दिलं. त्यानं एक घास घेतला, थांबला, कसाबसा गिळला.

“मीठ जरा जास्त झालंय, बाई.”

“घाम येतो मुलांना इथे. मीठ लागतं,” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “परीक्षेपर्यंत ती माझ्याकडे जेवेल. परीक्षा झाली की मी स्वतः खाबुऱ्याला आणून सोडीन. तुम्हाला शब्द देते. आज नेऊ नका.”

चाचा बराच वेळ ताटात बोटं फिरवत बसला. मग गेटवाल्याकडे बघून त्यानं एकदा शेवटचं विचारून बघितलं, मुलगी बाहेर येऊ शकते का. म्हाताऱ्यानं तोंड उघडायच्या आत बाईच बोलल्या. “ममनूअ,” म्हणाल्या, “खलास.” इतके दिवस ज्या नियमाशी त्या रोज भांडत होत्या, त्याच नियमाला त्या अशा टेकून उभ्या राहिल्या, जणू तो त्यांनीच केला होता. गेटवाल्याला हसू आवरेना.

चाचा एकटाच परत गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, खाबुऱ्याच्या किनाऱ्यावरचे ताजे मासे तळून, डबा भरून. बाईंना म्हणाला, “तुमच्या पिठीबरोबर हे असू दे. नाहीतर पोरी नुसत्या मिठानं मरतील.” अब्बाही हळूहळू उठून बसायला लागले होते. स्थळाचं नाव मात्र चाचानं परत काढलं नाही.

एक दिवस गेट उघडलं. ताप ओसरला होता, वर्ग सुरू झाले. सकाळी बाहेर पडताना मी गेटवाल्या म्हाताऱ्याला शुक्रन म्हटलं. तो म्हणाला, “मेरे को नहीं. उस्ताझा को बोलो.” मग जरा वाकून म्हणाला, “मैं रोज उसको कहवा देता था. एक दिन भी नहीं पिया. पानी भी नहीं. अजान के बाद, बस.”

मी तिथेच थांबले. दुपारी एक म्हणजे एकला, डीनच्या समोर कुकर उघडणारी बाई.

वर्ग भरला. बाईंनी हजेरी सुरू केली. मध, अंडी, इडली, उपमा, सगळं ठरल्याप्रमाणे. माझं नाव आलं.

“काय खाल्लंस?”

खरंच काही खाल्लं नव्हतं. त्या सकाळी मेस अजून सुरू झाली नव्हती, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता.

“काही नाही, बाई,” मी म्हटलं. मग सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीतून म्हटलं, “नथिंग. आय अ‍ॅम हंग्री.”

मी खाली बघितलं नाही. मग मागच्या बाकावरून एक ओमानी मुलगा, रोज मध-अंडी सांगणारा, म्हणाला, “मी टू, मॅडम.” त्याच्या पाठोपाठ आंध्रची. मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. बाईंनी हजेरी मिटली. खडू खाली ठेवला.

“रिकाम्या पोटी लोड देत नाही मी,” म्हणाल्या. “यल्ला, उठा.”

सगळा वर्ग त्या सेफ्टी शूजच्या मागे खाड खाड करत कँटीनला गेला. तिथे दुसरं काहीच तयार नव्हतं. बाईंनी काउंटरवर हात टेकून सगळ्यांसाठी परोठे सांगितले, आणि शेवटी म्हणाल्या, “मलाही एक. खडखडाट घालून.” एक वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं, “बाई, तुम्ही रोजा का धरलात?”

“गेटवर रोज्याचं नाव सांगून जेवण आत पाठवत होते मी,” त्या म्हणाल्या. “मग कुणीतरी तो खरा धरायला नको?”

बाईंनी परोठ्याचा मोठा घास घेतला, सावकाश चावला आणि गिळला.

“मीठ कमी आहे,” म्हणाल्या.